घाटातली राजधानी आणि सुरेखाताई

मुंबईहून नाशिककडे येणाऱ्याला कसारा वेगळा सांगावा लागत नाही. गाडी थांबते, मागून हलका धक्का बसतो आणि डब्यातला कोणी जाणकार म्हणतो, "बँकर लागलं." मग मागून इंजिने रेटतात आणि गाडी इगतपुरीपर्यंत चढते. थळ घाटातला हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर आलेली असते. रस्त्यावरच्या मोटारीला हे काहीच नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घेऊन शेकडो टन ओढायचे म्हटले की हाच चढ फार मोठा होतो.

पण रेल्वेतले लोक सांगतात, चढापेक्षा उतार वाईट. चढताना ताकद कमी पडली तर गाडी थांबेल. उतरताना ती हाताबाहेर गेली तर कोणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणून घाट उतरण्याआधी ब्रेक तपासतात, वेग बांधून देतात. विजेच्या इंजिनात आणखी एक सोय असते. उतारावर चाके फिरवणारी मोटरच उलट वीज तयार करते आणि त्या ओढीने गाडी आवरली जाते. (याच मोटरी दुरुस्त करणारा रेल्वेचा कारखाना आपल्या नाशिकरोडला आहे. आपल्यातल्या कित्येकांची चूल त्यावर पेटली आहे.) एवढे करूनही गाडी सुटलीच तर तिला चढावर नेऊन थांबवणारे वेगळे रूळ घाटात टाकलेले आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये हाच घाट उतरवून एका बाईने आपल्या नोकरीतली शेवटची गाडी मुंबईला नेली. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून आलेली, नाशिकरोडला थांबणारी राजधानी एक्स्प्रेस इगतपुरीला त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवली. त्या सुरेखा यादव. आशियातील पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची ओळख आहे. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्या निवृत्त झाल्या.

सुरेखाताईंचा जन्म २ सप्टेंबर १९६५ चा, साताऱ्याचा. माहेरचे आडनाव भोसले. वडील शेतकरी, पाच भावंडांत ही थोरली. शाळा साताऱ्यात झाली, पुढे कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदविका घेतली. मनात मास्तरीण व्हायचे होते. १९८६ साली रेल्वेची जाहिरात निघाली तेव्हा त्यांनी असिस्टंट ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज भरला. या जागेवर तोवर एकही बाई नव्हती. परीक्षा झाली, निवड झाली, कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत सहा महिने काढले आणि १९८९ मध्ये त्या कामावर रुजू झाल्या.

पहिली गाडी मालगाडी, वाडीबंदर ते कल्याण. असिस्टंटचे काम म्हणजे इंजिन तपासायचे, पुढचा सिग्नल दिसला की मोठ्याने पुकारायचा आणि ड्रायव्हरच्या डोळ्याला डोळा लावून बसायचे. यात नावाजण्यासारखे काही दिसत नाही. पण ज्यांच्या घरात रनिंगची नोकरी आहे त्यांना विचारा. मालगाडीला वेळ नसते. रात्री दोनला बोलावणे येते, आडरानात गाडी तीन-तीन तास उभी राहते, सणावाराला घरचा माणूस कुठल्यातरी रनिंग रूममध्ये असतो. त्यात इंजिनात शौचालय नसे. पुरुषाचे कसेबसे भागते, बाईने काय करायचे हा प्रश्न इंजिन बनवणाऱ्यांच्या मनातही आला नव्हता. सुरेखाताईंनी ही नोकरी संसार सांभाळून केली. पती पोलीस खात्यात, म्हणजे तिथेही ड्युटीचा नेम नाही, आणि पदरी दोन मुलगे.

असिस्टंटवरून ड्रायव्हर व्हायला बरीच वर्षे लागली. १९९६ मध्ये मालगाडी त्यांच्या हाती आली. एप्रिल २००० मध्ये सुरेखाताईंनी मुंबईत महिलांसाठीची स्वतंत्र लोकल चालवली. २०१० मध्ये त्यांनी घाटातल्या गाड्यांचे शिक्षण घेतले. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतला मोठा टप्पा हाच. हारतुरे मात्र नंतर मिळाले. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून बोर घाटातून मुंबईला आणली, आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत, तीही वेळेच्या पाच मिनिटे आधी.

हल्ली मोटारींच्या शर्यतीतही मराठी मुलुखातले नाव ऐकू येते. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ साली चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुरुषांबरोबर धावून असे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. कौतुकच आहे. पण शर्यतीची गाडी, टायर आणि तेल यांचा खर्च आपल्या घरांना झेपणारा नाही. रेल्वेचे इंजिन सरकारचे असते, अर्ज करणारीला फक्त परीक्षा द्यायची असते.

आज देशात हजाराहून अधिक महिला इंजिनावर आहेत. असिस्टंटला आता असिस्टंट लोको पायलट म्हणतात. दहावीनंतर ठरलेल्या ट्रेडमधली आयटीआय किंवा इंजिनिअरिंगची पदविका यावर अर्ज करता येतो. सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवावे. गणित आणि विज्ञान येते तेवढ्याने भागत नाही, कारण नजरेची अट फार कडक आहे. चष्म्याशिवाय दोन्ही डोळे पक्के हवेत, रंग अचूक ओळखता आले पाहिजेत, आणि चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेझर शस्त्रक्रिया केलेली चालत नाही. म्हणून क्लासची फी भरण्याआधी मुलीला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणावे.