वॉशिंग्टन : कुंपणापासून राजधानीपर्यंत

फळबाजारात ‘वॉशिंग्टन’ म्हटले की गडद लाल सफरचंद, बातम्यांत अमेरिकेचे सरकार, इतिहासात त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. पण हे नाव मुळात ईशान्य इंग्लंडमधल्या, संडरलंडजवळच्या एका गावाचे आहे.

नावाची फोड तीन भागांत होते. पहिला भाग ह्वॅसा या अँग्लो-सॅक्सन माणसाचे नाव मानला जातो. ‘इंग’ म्हणजे त्याचे लोक आणि ‘टन’ म्हणजे वस्ती. या ‘टन’चा जुना अर्थ कुंपण. कुंपणातले घर, मग वाडी, मग गाव असा तो वाढत गेला. ‘टाऊन’ हा शब्दही त्यातूनच आला.

बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न हा सरदार इथे राहायला आला आणि गावाचे नाव लावू लागला. आपल्याकडे गावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, तशीच ही रीत. याच घराण्यातले जॉन वॉशिंग्टन सतराव्या शतकात व्हर्जिनियात स्थायिक झाले; जॉर्ज वॉशिंग्टन त्यांचे पणतू. घराण्याच्या ढालीवरचे तीन लाल तारे आणि दोन लाल पट्टे 1938 पासून अमेरिकेच्या राजधानीच्या ध्वजावर आहेत. 1889 मध्ये त्याच नावाचे राज्य संघात आले; सफरचंदे तिथली.

खरे नवल पुढेच आहे. जॉर्ज यांना स्वतःचे मूल नव्हते. तरीही 2000 च्या अमेरिकन जनगणनेत हे आडनाव लावणारे दीड लाखाहून अधिक लोक होते आणि त्यांतले सुमारे 90 टक्के कृष्णवर्णीय. स्वातंत्र्याचा हा सेनापती शेकडो गुलामांचा मालक होता, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते. गुलामीत जन्मलेले बुकर पहिल्यांदा शाळेत गेले, तेव्हा त्यांना आडनावच नव्हते. हजेरीत इतर मुलांची दोन-दोन नावे ऐकून त्यांनी आपले पूर्ण नाव सांगितले, बुकर वॉशिंग्टन. पुढे 1881 मध्ये त्यांनी अलाबामात टस्कीगीची शिक्षणसंस्था उभी केली.

सरदाराला हे नाव जमिनीबरोबर मिळाले. शाळकरी बुकरजवळ जमीन नव्हती, वंशावळ नव्हती. त्यांनी ते स्वतः उच्चारले आणि आपले केले. एका माणसाच्या कुंपणाला पडलेल्या नावाचा याहून मोठा सन्मान मला दिसत नाही.