रेइश मागुश : मांडवीच्या मुखावरील एक पुनरुज्जीवित किल्ला

समुद्रास मिळण्यापूर्वी मांडवी नदी जेथे आपले पात्र किंचित आखडून घेते, तेथे उत्तर तीरावर, बार्देशातील वेरे गावानजीक, एका टेकडीच्या उतारास बिलगून जांभ्या दगडाचा जो आटोपशीर किल्ला उभा आहे, त्यास रेइश मागुश म्हणतात. समोर पणजी, उजव्या हातास मिरामारचा वाळवंटी किनारा आणि त्यापलीकडे काबोचे टोक, असा सारा मुलूख त्याच्या बुरुजांवरून दृष्टीच्या टप्प्यात येतो. आणि ज्या काळी मांडवीतून गोव्यात शिरणाऱ्या प्रत्येक गलबतास याच अरुंद पात्रातून जावे लागे, त्या काळी या टेकडीची मातब्बरी किती असेल, हे तटावर पाऊल ठेवताक्षणीच उमगते. येथे पूर्वी आदिलशाही चौकी होती. बार्देश पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेल्यावर १५५१ साली, अफोन्सु द नोरोन्या हा व्हाइसरॉय असताना, त्यांनी येथे किल्ला बांधला. पायथ्याशी त्याच नावाचे चर्च असून तीन राजांचा, म्हणजेच रेइश मागुशचा, सण तेथे दरवर्षी ६ जानेवारीस आजही साजरा होतो.

या किल्ल्याच्या इतिहासात डचांचे नाव वारंवार येते, ते शत्रू म्हणून. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे अल्पावधीतच मांडवीच्या मुखाशी येऊन ठाकली, आणि त्या धास्तीने पोर्तुगीजांनी १६१२ पर्यंत आग्वादचा विस्तीर्ण दुर्ग उभा केला. पुढे १६३७ पासून काही वर्षे, आणि पुन्हा १६५६ पासून १६६३ पर्यंत, डच आरमाराने गोव्याची नाकेबंदी केली. त्या नाकेबंदीची रसद ज्या ठिकाणाहून येई ते ठिकाण आजच्या महाराष्ट्रात आहे : विजापूरकरांच्या परवान्याने १६३७ साली उभारलेली वेंगुर्ल्याची तटबंद डच वखार. एक वास्तू नाकेबंदी करणाऱ्यांची आणि दुसरी ती सोसणाऱ्यांची. दोहोंच्या भिंती मात्र एकाच कोकणी जांभ्याच्या. या दोन वास्तूंचे भाग्य पुढे इतके निराळे का झाले, हा प्रश्न रेइश मागुश पाहताना मनातून जात नाही.

मराठ्यांनाही हा किल्ला दाद देत नव्हता. १७०७ साली त्याची मोठी पुनर्बांधणी झाली होती. त्यामुळे १७३९ साली, वसईच्या मोहिमेच्या ऐन धामधुमीत सावंतवाडीकर भोसल्यांच्या फौजांनी बार्देश व्यापले, तेव्हाही आग्वाद आणि रेइश मागुश हे दोन किल्ले तेवढे पोर्तुगीजांच्या हाती टिकले. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात काही वर्षे इंग्रजी शिबंदीने येथे तळ दिला. लष्करी प्रयोजन सरल्यावर मात्र किल्ल्याच्या वाट्यास तुरुंगाचे काम आले. १९४६ नंतरच्या मुक्तिलढ्यातील राजबंद्यांनी येथील कोठड्या पाहिल्या. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही गोव्यात शिरले, त्या पर्वाचे पुण्याशी असलेले नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना किल्ल्यातील स्वातंत्र्यसैनिकांच्या दालनात परकेपणा वाटणार नाही. गोवा मुक्त झाल्यावरही तुरुंग चालूच राहिला, तो थेट १९९३ पर्यंत. नंतर दारे मिटली, छपरे खचली, रानवेलींनी तट ग्रासला.

पुढची हकिगत आपल्याकडे विरळा. हेलन हॅम्लिन ट्रस्ट ही इंग्लंडमधील संस्था, वारसा जतन करणारी इन्टॅक आणि गोवा सरकार या तिघांनी मिळून किल्ल्याचा जीर्णोद्धार हाती घेतला, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्या यांनी त्याची धुरा वाहिली, आणि २०१२ साली किल्ला सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांस खुला झाला. जांभा हा विलक्षण दगड आहे. खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो, आणि वारा लागत जाईल तसा कठीण होत जातो. परंतु त्याचे अंग सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. त्यावर सिमेंटचा थर दिला की आत कोंडलेली ओल दगडास आतून पोखरते; चुन्याचा गिलावा मात्र त्यास श्वास घेऊ देतो. जुन्या कोकणी गवंड्यांस हे पिढीजात ज्ञान होते, आणि जीर्णोद्धार म्हणजे मुख्यतः त्या ज्ञानाची आठवण ठेवणे होय, असे माझे मत आहे.

चढण चढून अरुंद दारातून आत शिरले की वाट वळते. आक्रमकाचा वेग मोडावा अशीच तिची योजना आहे. आतल्या ठेंगण्या, जाड भिंतींच्या खोल्यांत मारिओ मिरांडा यांची रेखाचित्रे मांडलेली आहेत. मूळ लोटलीचे, मुंबईच्या नियतकालिकांतून सर्वतोमुखी झालेले हे चित्रकार ११ डिसेंबर २०११ रोजी, म्हणजे केंद्र खुले होण्याच्या थोडेसेच आधी, निवर्तले. त्यांच्या एकेका चौकटीत बाजारातल्या मासळीवाल्या, टोपीवाले पाद्री, बाल्कनीतून डोकावणाऱ्या बायका आणि रस्त्यावर पहुडलेली कुत्री अशी दाटी असते, की चित्र जवळ जाऊनच, रेघ न् रेघ वाचावे लागते. मोठ्या, झगझगीत दालनात ही चित्रे हरवून गेली असती. येथे कोठडीची संकुचित जागाच पाहणाऱ्यास चित्रापाशी नेऊन उभी करते. बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नसलेला हा उपयोग वास्तूच्या अंगास इतका सहज बसला, यातच या प्रकल्पाचे खरे यश आहे.

जुन्या किल्ल्यांस कलेसाठी नवा उपयोग देण्याची ही रीत डचांच्या स्वतःच्या देशात चांगली रुळलेली आहे. शत्रू आला की शेते गुडघाभर पाण्याखाली घालायची, म्हणजे पायदळास चालता येऊ नये आणि नावांनाही तरता येऊ नये, अशा युक्तीच्या त्यांच्या जलसंरक्षक रेषा आज जागतिक वारसा आहेत. आणि त्यांतील फाइफहाउझेनच्या किल्ल्यात समकालीन कलेची प्रदर्शने भरतात.

पुण्याजवळच्या आमच्या हिंजवडीतून आठवड्याच्या अखेरीस माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांतील शेकडो तरुण गोव्याच्या गाड्या पकडतात. कांदोळी-कळंगुटकडे जाताना वेऱ्याचा फाटा त्यांच्या वाटेतच पडतो, परंतु तेथे उतरणारे थोडे. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांना हे कुणी सांगितलेलेच नसते. आंबोली घाटाने जाणाऱ्यांनी तर सावंतवाडीहून वाकडी वाट करून वेंगुर्ल्यासही जावे. तेथील वखार राज्य संरक्षित स्मारक असली, तरी कित्येक वर्षे ती छपराविना, झाडाझुडपांच्या वेढ्यात दिवस काढीत आली आहे.

आणि तिची योग्यता रेइश मागुशहून तिळमात्र उणी नाही. शिवाजी महाराजांच्या हालचालींची बातमी वेंगुर्ल्याचे डच अधिकारी आपल्या वरिष्ठांस नियमाने कळवीत; अब्राहम ल फेबर याने १६७४ साली येथूनच राज्याभिषेकाचे वृत्त लिहून पाठविले. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी ही डच साधने आदराने वापरली आहेत, पण ज्या इमारतीत ती लिहिली गेली तेथे त्यांची एखादी प्रत, एखादा मराठी अनुवाद भिंतीवर लावलेला असावा, एवढीही सोय आपण केली नाही. चित्रकारांची उणीव असेल तर असो, वेंगुर्ल्याजवळ मांडण्यासारखे दफ्तर आहे. जांभा त्याच जिल्ह्यात निघतो, चुना भिजवणारे हात अद्याप कोकणात आहेत, आणि काम कसे करावे याचा नमुना शेजारच्या गोव्यातच उभा आहे. पुरातत्त्व खात्याने रेइश मागुशच्या मंडळींस एकदा वेंगुर्ल्यास बोलावावे, आणि छपरापासून आरंभ करावा.