सवड

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूर व महाड यांच्याजवळून वाहत समुद्राकडे जाते. या खोऱ्यातील मुख्य पीक भाताचे. मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे शेतकऱ्याला क्षणाचीही उसंत नसते. म्हणून तो आपली तयारी उन्हाळ्यातच उरकून घेतो. पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या व शेण पसरून तो राब भाजतो, बांध सावरतो, घराचे छप्पर नीट करतो आणि सरपण कोरड्या जागी रचून ठेवतो. ही कामे त्या दिवशी केलीच पाहिजेत, असे त्यास कोणी सांगत नाही. पण ती राहिली, तर पुढे लावणीच्या वेळी हातात रोप नसते. निकडीचे काम आपण होऊन हाक मारते. महत्त्वाचे काम पुष्कळदा मुकाट्याने वाट पाहत असते. त्यासाठी सवड काढून ठेवावी लागते.

ही गोष्ट ज्यांनी आयुष्यभर आचरणात आणली, असे एक थोर पुरुष याच परिसरात जन्मले. महाड तालुक्यातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. रायगड जिल्ह्यास त्या काळी कुलाबा जिल्हा म्हणत. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले व संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१८ साली सनदी सेवेच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला.

त्यानंतरची त्यांची कामे एकाहून एक जबाबदारीची होती. १९४३ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० पासून १९५६ पर्यंत ते भारताचे अर्थमंत्री होते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. अशा माणसाने, "मला इतर गोष्टींस वेळ नाही," असे म्हटले असते, तर त्यास कोणी दोष दिला नसता.

परंतु विद्यार्थिदशेत जडलेली संस्कृतची आवड त्यांनी सोडली नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. महात्मा गांधींची निवडक वचने संस्कृत श्लोकांत गुंफली. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पुढे पैशाच्या हिशेबात गुंतला, तरी झाडांना विसरला नाही; बागकाम हा त्यांचा अखेरपर्यंत आवडता छंद होता. संस्कृत आणि झाडे यांच्यासाठी निवृत्तीच्या दिवसांची वाट पाहत ते बसले असते, तर एवढे काम हातून झाले असते काय?

थोड्या वेळात काय होणार, असे पुष्कळांना वाटते. त्याचा हिशेब करून पाहावा. मेघदूतात सव्वाशेच्या आत श्लोक आहेत. रोज एकच श्लोक समजून घेतला, तर चातुर्मास संपेपर्यंत ते संपूर्ण काव्य वाचून होते. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाचे सुमारे १८२ तास होतात. एवढ्या वेळात पेटी वाजविण्यास शिकता येते, अडलेले गणित सुटते किंवा अंगणात पालेभाजीचा वाफा फुलविता येतो. मात्र तो अर्धा तास ठरलेला असावा. दिवा लागल्यावर किंवा पहाटे उठल्यावर, अशी एक वेळ नेमली, म्हणजे रोज मनाशी वाद घालावा लागत नाही. एखादा दिवस चुकला, तर खंत करीत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

तथापि दिवसाचे चोवीस तास सर्वांना सारखे असले, तरी सवड सर्वांना सारखी नसते. पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात पोलादपूरकडील काही वाड्यांना पाणीटंचाई सोसावी लागते. ज्या मुलीला दूरच्या विहिरीवरून हंडे आणून, धाकट्या भावंडास सांभाळून शाळेत यावे लागते, तिला अर्धा तास कोठून मिळणार? तिला वेळेचे महत्त्व सांगून काय उपयोग? तिच्या भावाने एक हंडा उचलला, तरच तिच्या हाती पुस्तक येईल. आपला वेळ आळसात न घालविणे हा एक गुण आहे. आपल्या श्रमाने दुसऱ्यास सवड मिळवून देणे हा त्याहून मोठा गुण आहे.

राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला हिरवे शेत त्या दिवशी दिसत नसते. तरीही भर उन्हात तो राबतो, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही, हे त्याला ठाऊक असते. विद्यार्थिदशा हा आयुष्यातील राब भाजण्याचा काळ आहे. या काळात जे मनापासून प्रिय आहे, त्यासाठी रोज थोडी सवड काढण्याची सवय ज्याला लागली, त्याला पुढे कितीही कामे आली, तरी ती सवय सोडून जात नाही.