कास्तकारानें स्मार्टफोन कसा पारखावा?

बैल विकत घ्यावयाचा असला म्हणजे आपला कास्तकार त्याच्या शिंगांस लावलेला रंग पाहून पैसे मोजीत नाहीं. तो दांत पाहतो, खूर तपासतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मग भावाची गोष्ट काढतो. परंतु तोच कास्तकार नागपुरांत सीताबर्डीच्या बाजारीं स्मार्टफोन घेण्यास गेला म्हणजे पाठीवर कॅमेरे किती आणि रंग कोणता एवढेंच पाहून परततो. बैलाची पारख घरांतील वडील माणसांकडून आपोआप मिळते. फोनची पारख सांगणारें वडील माणूस अद्याप फारच थोड्या घरांत आहे. ती उणीव थोडीबहुत भरून निघावी, एवढाच या लेखाचा हेतु होय.

फोन हें आतां अवजार आहे :— प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. त्या काळीं गांव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, भरण्याचें काम तलाठ्याचें असे. कास्तकारास त्यासाठीं कोणतेंही यंत्र बाळगावें लागत नसे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या वावरांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र काढून, नोंद स्वतः करण्याची जबाबदारी खातेदाराकडे आली. २०२५-२६ च्या हंगामासाठीं भारतीय कापूस महामंडळानें, म्हणजे सीसीआयनें, हमी भावानें कापूस विकूं इच्छिणाऱ्यांची नोंदणी ‘कपास किसान’ या ॲपवर घेतली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें ॲप आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास सावध करतें. हीं कामें साध्या कळांच्या फोनवर होत नाहींत. अर्थात् स्मार्टफोन हा चैनीचा पदार्थ न राहतां वखर-डवऱ्याच्या पंक्तींतील अवजार झाला आहे. पीक पाहणीच्या अखेरच्या दिवशीं तो बंद पडला, तर सातबाऱ्यावर पीक चढत नाहीं, आणि त्याचे परिणाम पुढें वर्षभर भोगावे लागतात.

खरा भाव कसा काढावा :— डब्यावर छापलेली किंमत हा फोनचा खरा भाव नव्हे. त्या किमतीस, फोन जितकीं वर्षें काम देईल तितक्यांनीं भागावें; जो आंकडा येईल तो खरा भाव समजावा. समजा, ७,००० रुपयांचा फोन दोन वर्षांत निकामी झाला, तर तो दर वर्षीं ३,५०० रुपयांस पडला. १०,००० रुपयांचा फोन चार वर्षें चालला, तर दर वर्षीं २,५०० रुपयांस. आणि १९,००० रुपयांचा सहा वर्षें चालला, तर दर वर्षीं सुमारें ३,१६७ रुपयांस. यावरून असें दिसतें कीं सर्वांत कमी किमतीचा फोन सर्वांत स्वस्त पडतोच असें नाहीं, आणि महाग फोन जास्त टिकला तरी तो किफायतशीर होतोच असेंही नाहीं. तेव्हां फोन किती वर्षें टिकेल, हा मुख्य प्रश्न होय. त्याचें उत्तर पुढील बाबींवर अवलंबून असतें.

आंतील सॉफ्टवेअरचें आयुष्य :— फोन बाहेरून धडधाकट असला तरी त्यांतील कार्यप्रणाली जुनी झाली म्हणजे बँकेचे व सरकारी कामाचे ॲप त्यावर उघडेनासे होतात. यासाठीं कंपनी किती वर्षें सुरक्षेच्या सुधारणा पाठविणार, हें खरेदीपूर्वीं अवश्य विचारावें. सॅमसंग कंपनीनें फेब्रुवारी २०२५ मध्यें सुमारें १०,००० रुपयांस बाजारांत आणलेल्या गॅलॅक्सी एम०६ ५जी या फोनास चार वर्षांचें वचन दिलें. ऑक्टोबर २०२४ मध्यें सुमारें १९,००० रुपयांस आणलेल्या गॅलॅक्सी ए१६ ५जी यास सहा वर्षांचें दिलें. गूगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ यांस तर सात वर्षांचें वचन आहे. परंतु ते बाजारांत आले तेव्हां त्यांची किंमत पाऊण लाखाच्या पुढें होती, तेव्हां त्यांचा विचार आपणांस कर्तव्य नाहीं. येथें एक मेख ध्यानांत ठेवावी. हीं वर्षें बहुधा फोन प्रथम बाजारांत आला त्या दिवसापासून मोजलीं जातात, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षें दुकानांत पडून राहिलेला फोन सवलतींत मिळाला, तरी त्याच्या आयुष्यांतील दोन वर्षें आधींच सरलेलीं असतात.

धूळ आणि पाणी :— फोनच्या वर्णनांत ‘आयपी’ या अक्षरांपुढें दोन आंकडे दिलेले असतात. ही आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें ठरलेली खूण आहे. पहिला आंकडा धुळीचा. त्यांत ६ हा सर्वांत वरचा, म्हणजे धूळ मुळींच आंत जात नाहीं. दुसरा आंकडा पाण्याचा. ४ असल्यास कोणत्याही बाजूनें उडालेले शिंतोडे सोसतो. ७ असल्यास एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहूं शकतो. ८ असल्यास त्याहून अधिक, पण किती तें कंपनी सांगेल तसें. वर सांगितलेल्या ए१६ ५जी यास ५४ ही खूण आहे. ओप्पो कंपनीनें एप्रिल २०२५ मध्यें सुमारें १८,००० रुपयांस आणलेल्या ए५ प्रो ५जी यास ६६, ६८ व ६९ अशा तीन खुणा आहेत. धानाच्या बांधींत किंवा पावसांत ज्यांचें काम अधिक, त्यांनीं या खुणेस महत्त्व द्यावें. मात्र ही परीक्षा स्वच्छ पाण्याची असते. फवारणीच्या औषधाची नसते. शिवाय पाणी जाऊन बिघडलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटींत धरीत नाहींत. म्हणून खूण कितीही मोठी असली तरी फवारणीच्या वेळीं फोन अंगावर ठेवूं नये. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतु चार्जिंगच्या छिद्रांत जाऊन बसतात व चार्जर नीट लागत नाहीं. अशा वेळीं फोन बंद करून कोरड्या लांकडी काडीनें ते हळूच काढावे. पुष्कळदां एवढ्यानेंच दुरुस्तीचा खर्च वांचतो.

ऊन आणि बॅटरी :— सॅमसंग व ॲपल या दोन्ही कंपन्या आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सियस उष्णतामानांत वापरावे असें सांगतात. नागपुरांत मे २०१३ मध्यें पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४४-४५ अंश तर आपल्याकडे दर उन्हाळ्यांत होतात. आजच्या फोनांतील लिथियम बॅटरीची ताकद उष्णतेनें कायमची घटते. फोन ट्रॅक्टरच्या टपावर, मोटारसायकलीच्या टांकीवर किंवा उन्हांतील खाटेवर ठेवणें म्हणजे बॅटरी हातानें मारणेंच होय. भर दुपारीं चार्जिंगला लावूं नये; रात्रीं किंवा पहांटे लावावा. बॅटरीची धारणाशक्ति मिलिअँपिअर-तासांत सांगतात. खेड्यांत वीज जाते हें लक्षांत घेतां ५,००० हून कमी घेऊं नये. वर उल्लेखिलेल्या दोन्ही सॅमसंग फोनांची ५,००० आहे, ओप्पोची ५,८०० आहे.

पडदा आणि कॅमेरा :— दुकानांतील दिव्याखालीं प्रत्येक पडदा सुरेख दिसतो. आपल्याला तो वावरांत, डोक्यावर ऊन असतांना, वाचावयाचा असतो. पडद्याचा उजेड ‘निट’ या मापानें मोजतात. हा आंकडा जितका अधिक तितकें उन्हांत स्पष्ट दिसतें. आंकडा समजला नाहीं तरी चिंता नको. फोन हातांत घेऊन दुकानाबाहेर उन्हांत दोन मिनिटें उभें राहावें, म्हणजे निर्णय आपोआप होतो. त्याच वेळीं नकाशा उघडून आपलें ठिकाण बरोबर दाखवितो किंवा नाहीं हेंही पाहावें, कारण पीक पाहणीचा सारा भार त्यावर आहे. कॅमेऱ्यांच्या संख्येस भुलूं नये. स्वस्त फोनांच्या पाठीवर दोन-तीन भिंगें दिसतात, परंतु चित्र काढणारें मुख्य भिंग एकच असतें. पानावरील कीड स्पष्ट टिपणारें तें एक भिंग चांगलें असलें म्हणजे आपलें काम भागतें.

दुरुस्ती :— फोन घेण्यापूर्वीं त्याचा नवा पडदा आणि नवी बॅटरी केवढ्यास मिळते हें दुरुस्तीच्या दुकानीं विचारून घ्यावें. पडद्याची किंमत फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असली, तर तो फोन सोडून द्यावा, असें लेखकाचें मत आहे. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला कीं बॅटरी ८०० वेळां पूर्ण भरून वापरल्यावरही तिची ८० टक्के शक्ति शिल्लक असली पाहिजे, आणि विक्री बंद झाल्यावरही प्रमुख सुटे भाग सात वर्षें मिळाले पाहिजेत. आपल्या देशांत केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्काविषयीं संकेतस्थळ उघडलें, आणि फोन किती दुरुस्तिक्षम आहे याचा गुणांक ठरविण्यासाठीं नेमलेल्या समितीनें मे २०२५ मध्यें आपला अहवाल दिला. ग्राहकानें मात्र स्वतःची चौकशी स्वतःच करावी हें बरें.

हप्ते व जुने फोन :— ‘बिनव्याजी हप्ते’ अशी पाटी पुष्कळ दुकानांवर असते. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ मध्येंच बँकांस बजाविलें होतें कीं शून्य टक्के व्याज ही कल्पनाच वास्तवांत नाहीं. व्याज कोणत्या तरी रूपानें घेतलेंच जातें. म्हणून रोखीचा भाव, आणि हप्ते व प्रक्रिया-शुल्क मिळून होणारी बेरीज, हे दोन आंकडे एका कागदावर शेजारीं शेजारीं लिहून पाहावे. जुना फोन घेणाऱ्यानें त्यावर *#०६# हे आंकडे दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक काढावा, आणि दूरसंचार विभागानें मे २०२३ मध्यें सुरू केलेल्या ‘संचार साथी’ या सेवेवर तो तपासून घ्यावा. चोरीचा फोन स्वस्त मिळतो, पण तो एके दिवशीं बंद केला जातो. नव्या फोनचें पक्कें बिल घ्यावें. त्यावर हा क्रमांक लिहिलेला असावा. फोनवर १८ टक्के जीएसटी किमतींतच आपण भरतों, तेव्हां बिल मागण्यांत संकोच कसला? तक्रार करण्याची वेळ आली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे विनाशुल्क दाखल करितां येते.

काय घ्यावें? :— आतां एवढ्या विवेचनाचें सार सांगतों. ज्याची शेती कोरडवाहू व मिळकत बेताची, त्यानें सुमारें १०,००० रुपयांचा, चार वर्षांच्या वचनाचा, अलीकडेच बाजारांत आलेला फोन घ्यावा, आणि वावरांत बोलण्यासाठीं हजार-पंधराशेंचा कळांचा फोन वेगळा ठेवावा. २००३ सालचा नोकिया ११०० आठवा. त्यास विजेरी होती, धूळ न शिरणाऱ्या कळा होत्या, आणि जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. त्याच जातीचा साधा फोन खिशांत असला म्हणजे स्मार्टफोन घरीं सुरक्षित राहतो, व पीक पाहणी, नोंदणी आणि बँकेचें काम यांपुरताच बाहेर निघतो. मात्र जिओचें सिम असल्यास कळांचा फोनही ४जी चालणारा असावा लागतो. विजांच्या दिवसांत ‘दामिनी’ची सूचना हवी असेल त्यानें त्या दिवसांपुरता स्मार्टफोन मेणकापडी पिशवींत घालून जवळ ठेवावा. ज्याचें काम रोज पाण्याचिखलांत आहे, किंवा ज्याच्या एकाच फोनवर सारें घर चालतें, त्यानें धूळ-पाण्याच्या खुणेसाठीं अठरा-एकोणीस हजारांपर्यंत जाण्यास हरकत नाहीं. त्यापुढील रक्कम बियाण्याकडे वळविलेली बरी.

वर दिलेल्या किमती ते ते फोन प्रथम बाजारांत आले तेव्हांच्या आहेत. भाव बदलत असतात, पण पारखण्याची रीत बदलत नाहीं. कापसाचे पैसे हातीं येतांच दुकानाकडे धांव घेऊं नये. वचन किती वर्षांचें व केव्हांपासून, आयपीची खूण कोणती, पडदा-बॅटरी केवढ्यास, आणि रोखीचा भाव किती, हे चार प्रश्न घरांतील शिकणाऱ्या मुलाकडून कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद खिशांत घालून मग सीताबर्डीची वाट धरावी.