जामखेडचा वर्ग आणि चौंडीचा निर्णय

6 मे 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक मुंबईऐवजी चौंडीला भरली. अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माचं त्रिशताब्दी वर्ष होतं आणि चौंडी हे त्यांचं जन्मगाव. त्याच बैठकीत अहिल्यानगर जिल्ह्यासाठी अहिल्यादेवींच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. जिल्ह्याला वैद्यकीय शिक्षण नवं नाही. लोणीचं प्रवरा रूरल मेडिकल कॉलेज 1984 पासून चालू आहे, नगरजवळ विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं कॉलेज आहे. पण सरकारी फीमध्ये डॉक्टर होण्याची सोय जिल्ह्यात नव्हती. ती होणार याचा आनंद मोठा आहे.

चौंडी जामखेड तालुक्यात येते. वैद्यकशास्त्र कुणाला शिकवता येतं, या प्रश्नाचं जगाने दखल घेतलेलं उत्तर याच तालुक्यात पन्नास वर्षांपूर्वी मिळालं होतं. नव्या कॉलेजच्या इमारतीची चर्चा होईल, खाटांची होईल, जागा किती आणि कोणत्या प्रवर्गाला किती याचीही होईल. जामखेडमध्ये काय घडलं, ते मात्र त्या चर्चेतून निसटेल अशी मला धास्ती वाटते. म्हणून हा लेख.

जामखेडचा प्रयोग उभा केला तो डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने. डॉ. रजनीकांत राहुरीचे, शिक्षक आईवडिलांचा मुलगा. डॉ. मेबल यांचा जन्म जबलपूरचा. दोघं भेटले वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. डॉ. आयडा स्कडर यांनी 1918 साली तिथे केवळ मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली होती, कारण परक्या पुरुषाला बाळंतिणीच्या खोलीत शिरू देत नसत आणि बाई डॉक्टर मिळत नसे. मुलांना तिथे प्रवेश मिळाला 1947 मध्ये. म्हणजे आरोळे ज्या कॉलेजात घडले, ते मुळात बाहेर राहिलेल्यांना आत घेण्यासाठीच निघालेलं होतं.

लग्नानंतर दोघांनी नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथे त्यांना एक गोष्ट टोचत राहिली. बरा करून पाठवलेला पेशंट काही महिन्यांनी त्याच दुखण्याने परत येई. जुलाबाचं मूल सलाईन लावून वाचवायचं आणि ते पुन्हा त्याच पाण्यावर परत जायचं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून दोघं 1970 मध्ये परतले आणि जामखेडला आले. अवर्षणाचा भाग, हंगाम संपला की अर्धी गावं ऊसतोडीला. बहात्तरचा दुष्काळ तोंडावर होता.

आधी त्यांनी रूढ वाट धरली. प्रशिक्षित नर्सबाई गावात ठेवायची. ते जमलं नाही. शहरात शिकलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहायला घाबरे आणि गावालाही तिच्याविषयी आपलेपणा वाटत नसे. मग विचार आला की गावातलीच बाई घ्यावी. ती गावाने निवडावी आणि तिला लिहितावाचता येण्याची अट नसावी.

आपल्याकडे पाटी-पेन्सिल हातात न धरलेल्या माणसाला शास्त्र शिकवता येईल असं कुणी मनात आणत नाही. जामखेडला निवडून आलेल्या बायकांमध्ये दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, विधवा होत्या, मराठा होत्या, ब्राह्मणही होत्या. दर आठवड्याला दोन दिवस त्या आरोळ्यांच्या आरोग्य प्रकल्पावर मुक्कामाला यायच्या. वर्ग जमिनीवर, गोलात भरायचा. शिकायची सुरुवात पुस्तकातून होत नसे, बाईला जे ठाऊक आहे तिथून होत असे. मूल जुलाबाने सुकलं की तुम्ही काय बघता? कुणी सांगे टाळू खोल जाते, कुणी सांगे डोळे आत जातात, रडताना पाणी येत नाही. बरोबर, हीच लक्षणं. मग शरीरातलं पाणी का कमी होतं, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, कधी थांबायचं आणि कधी गाडी करून दवाखाना गाठायचा. पांढरट चट्टा दिसला तर त्यावर संवेदना आहे का, हे कसं तपासायचं. नाळ स्वच्छ पात्याने का कापायची आणि धनुर्वाताचा त्याच्याशी काय संबंध. पहिला चीक टाकून का द्यायचा नाही. चित्रं होती, गाणी होती, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढच्या आठवड्यात परत येऊन काय जमलं, काय फसलं हे मोकळेपणी सांगायची सोय होती.

शिकवणाऱ्यांनी खरी परीक्षा घेतली ती रात्रीची. सगळ्या जातींच्या बायका एका ठिकाणी जेवायच्या आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या, असं जामखेडच्या जुन्या हकिगतींत सांगितलं जातं. सत्तरच्या दशकातल्या त्या मुलखात, जिथे दलितांचा पाणवठा वेगळा होता, हे पांघरूण अभ्यासक्रमाचाच भाग होतं असं मी मानतो. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हाही आरोळ्यांनी ती दलित वस्तीत पडावी असं पाहिलं. गावाला पाणी हवं असेल तर तिथे जावं लागे. जातीवर व्याख्यान देण्यापेक्षा त्यांनी हंडा घेऊन चालण्याची वाट बदलली.

गाव लगेच बदललं नाही. अशी शिकून आलेली आरोग्यसेविका दलित असेल तर वरच्या आळीतली घरं तिला उंबऱ्याबाहेर ठेवत. बाळंतीण अडली, मूल फणफणलं की मात्र बोलावणं येई. तिच्या हाताला गुण आहे हे एकदा दिसलं की दार उघडं राहत असे. जवळके गावच्या सरूबाई साळवे यांच्यासारख्या सेविकांवर नॅशनल जिओग्राफिक मासिकाने डिसेंबर 2008 मध्ये सविस्तर लेख छापला. ज्या समाजातल्या बाईला कधीकाळी सवर्णांसमोर चप्पल घालून चालायची सोय नव्हती, तिला गावातली सगळी घरं आता हाक मारून आत बोलवत होती.

आकडे पाहा. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे 1971 मध्ये त्यांच्या गावांत हजार जन्मांमागे 176 बालकं वर्षाच्या आत दगावत. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला आणि 1993 मध्ये 19 वर. देशाचा बालमृत्युदर 1971 मध्ये 129 होता, 1993 मध्ये 74. सुरुवात देशापेक्षा वाईट आणि शेवट देशापेक्षा कितीतरी पुढे. याला पाणी, रोजगार, शेतकरी मंडळं, महिला मंडळं अशी अनेक कारणं आहेत, सगळं श्रेय वर्गाला देता येणार नाही. पण त्या वर्गाशिवाय हे झालं नसतं, असं मला वाटतं. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होतं. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यामागे जे मोजके प्रयोग होते, त्यांत जामखेडचं नाव घेतलं जातं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला मात्र पुरस्कारांहून मोठी वाटते ती त्यानंतर घडलेली उलटापालट. देशोदेशींचे डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी, सरकारी अधिकारी जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला या बायका उभ्या राहिल्या. 1988 मध्ये त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातली झुंबरं दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर, पण महाग आणि हाताला न येणारे. मग पिशवीतून दोन साध्या पणत्या काढून त्यांनी एकीने दुसरी पेटवली. सभागृह उठून उभं राहिलं. वैद्यकीय शिक्षणात सामावून घेणं म्हणजे काय, याची माझ्या मनातली व्याख्या इथे पुरी होते. वंचिताला वर्गात बसायला जागा देणं ही पहिली पायरी, आणि तो जे घेऊन आला आहे ते बाकीच्यांनी त्याच्याकडून शिकणं ही दुसरी. आपण पहिल्या पायरीवरच भांडतो आहोत आणि दुसरीचं नावही काढत नाही.

सरकारने जामखेडमधून काय उचललं? 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा ही गावपातळीवरची आरोग्यसेविका आली. कल्पनेचं मूळ अशाच प्रयोगांत आहे. पण आशाला शिक्षणाची अट लागली, वहीत भरायचे तक्ते आले, आणि तिच्याकडून डॉक्टरने काही शिकावं ही गोष्ट गळून पडली. पैशाचा प्रश्न जामखेडनेही सोडवला नव्हता, हेही खरं सांगायला हवं. सेविकांचं काम बव्हंशी स्वयंसेवेवर चाललं. पोटासाठी शेळ्या पाळणं, बांगड्या विकणं असे जोडधंदे त्या करत. ज्या बाईच्या ज्ञानावर गावाचं आरोग्य उभं आहे, तिच्या कष्टाचं मोल ठरवायला आपण आजही कचरतो. 2023-24 मध्ये राज्यातल्या आशांना मानधनासाठी संप करून आझाद मैदानावर बसावं लागलं.

आता पहिल्या पायरीकडे वळू, कारण तीही पक्की नाही. लोणीचं उदाहरण बोलकं आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना प्रवरेकाठी उभा राहिला आणि त्या सहकाराच्या पायावर पुढे शिक्षणसंस्था आल्या, मेडिकल कॉलेज आलं. नावातच ग्रामीण शब्द होता. 2003 मध्ये ही संस्था अभिमत विद्यापीठ झाली. अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएस जागा केंद्रीय समुपदेशनातून भरतात आणि तिथे अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण लागू होत नाही. जुलै 2024 मध्ये राज्याने आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, त्यातूनही खासगी अभिमत विद्यापीठं वगळली. दोष एका संस्थेचा नाही, नियमाचा आहे. पण पारनेर किंवा अकोले तालुक्यातल्या शेतमजुराच्या मुलीला घराजवळच्या मोठ्या इस्पितळात पेशंट म्हणून सहज जाता येतं, विद्यार्थिनी म्हणून जाणं मात्र जवळजवळ अशक्य, हे वास्तव आहे. नवं सरकारी कॉलेज म्हणूनच हवं.

ते आलं तरी नीट या प्रवेशपरीक्षेचा उंबरा आहेच. जिल्हा परिषद शाळेतून आलेल्या मुलाने लातूर-पुण्याच्या क्लासची फी भरलेल्या मुलाशी एकाच यादीत स्पर्धा करायची. तमिळनाडूने 2020 मध्ये कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय जागांत 7.5 टक्के आरक्षण ठेवलं. महाराष्ट्राने तसं का करू नये, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र होती आणि तिच्यात गांधीविचाराचा पेपर असे. नीट आली आणि ते संपलं. निवड करताना माणसाची वृत्तीही पाहता येते, हे आपल्याच राज्यात करून झालेलं आहे.

आणि प्रवेश मिळाल्यावर? 22 मे 2019 रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं. जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी पायलची आई आणि हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याची आई विद्यापीठांतल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावावर थोरात समितीने 2007 मध्ये अहवाल दिला होता. म्हणजे बारा वर्षं आधी धोक्याची घंटा वाजलेली होती. ऑपरेशन थिएटरची ड्यूटी कुणाला लागते, केस कुणाला मिळते, मेसमध्ये कोण कुणाजवळ बसतं, या गोष्टी आरक्षणाच्या तक्त्यात मावत नाहीत. जामखेडच्या पांघरुणाला मी अभ्यासक्रम म्हणतो तो याचसाठी.

अपंगत्वाच्या बाबतीत न्यायालयाने थोडी वाट मोकळी केली आहे. महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला वाचा-भाषेच्या अपंगत्वाची टक्केवारी चाळीसच्या वर गेली म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या टक्क्यांवरून कुणाला नाकारता येणार नाही. अभ्यासक्रम तो पुरा करू शकेल का, हे मंडळाने तपासलं पाहिजे. निरक्षर बाई हे शिकू शकेल का, हे आधीच न ठरवता शिकवून पाहणाऱ्या जामखेडची पद्धत याहून वेगळी नव्हती.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावीत असा उपक्रम सुरू केला आहे. चांगला आहे, पण बहुतेक ठिकाणी त्याचा फॉर्म भरण्याचा कार्यक्रम होतो. अहिल्यानगरच्या नव्या कॉलेजला तो मनापासून करता येईल. पहिल्या वर्षाच्या मुलांनी जामखेड-कर्जतच्या गावांत मुक्काम करावा, आशा आणि जुन्या सेविकांच्या मागे फिरावं, अंगावर पांढरं जाणं, कळ येणं, जीव घाबरा होणं ही दुखणी बायका कशा शब्दांत आणि कुणाच्या कानात सांगतात ते ऐकावं, आणि मुलांच्या अंतर्गत गुणांपैकी काही गुण या आशा-सेविकांनी द्यावेत. प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीचा नियम आहे. पण मानधन देऊन अतिथी शिक्षक नेमायला अडचण असायचं कारण नाही.

डॉ. मेबल 1999 मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत 2011 मध्ये. प्रकल्पाचं काम पुढच्या पिढीने चालू ठेवलं आहे. सत्तरच्या दशकात गोलात बसून शिकलेल्या पहिल्या तुकडीतल्या ज्या बायका आज आहेत, त्या वयाच्या उतारावर आहेत. कॉलेजची पहिली तुकडी येईल तेव्हा तिला शिकवायला त्यांच्यापैकी कुणी हवं असेल, तर नेमणुकीचं पत्र इमारतीचा पाया भरायच्या आधी निघायला हवं.