घरीच केली, घरीच प्यायली, मग गुन्हा कसा? काजू बोंडू, हुर्राक आणि कायद्याची गोष्ट

काजूचा हंगाम भरात आला की दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले भागातल्या बागांत एकच वास सुटतो. बी पिळून घेतली की बोंडू तिथेच टाकला जातो. दोन दिवसांत गोड वास आंबूस होतो, माशा घोंगावतात. बोंडू आपोआप आंबायला लागतो, त्यासाठी कुणी काही करावं लागत नाही. हद्दीपलीकडे गोव्यात याच बोंडूची हुर्राक आणि फेणी होते, आणि इकडे ढीगच्या ढीग कुजून जातो. त्यामुळे दर हंगामात पारावर एक प्रश्न निघतोच: विकायची नाही, घरापुरती केली तर बिघडलं कुठे?

आता या प्रश्नाला मोबाईलची जोड मिळाली आहे. घरच्या घरी वाईन कशी करायची, पाच लिटरची भट्टी कशी जोडायची, याचे व्हिडिओ भरपूर आहेत. यीस्टच्या पुड्या, काचेच्या बरण्या, गॅस बाहेर सोडणारी बुचं ऑनलाइन मिळतात. जांभूळ, करवंद, द्राक्ष, बोंडू, जे हाताशी असेल त्यावर प्रयोग होतात. करणाऱ्याला ती हौस वाटते. पण कायदा हौस आणि धंदा यांत फरक करत नाही. आणि जिवाला धोका नेमका कशाने होतो याबद्दल गावागावांत जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे. म्हणून दोन्ही गोष्टी नीट समजून घेतलेल्या बऱ्या.

आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं

कुठलाही गोड रस उघडा राहिला की हवेतलं आणि फळाच्या सालीवरचं यीस्ट त्यातली साखर खायला लागतं. साखरेचे दोन भाग होतात. साधारण अर्ध्याचं अल्कोहोल आणि अर्ध्याचा कार्बन डायऑक्साइड वायू. रसाला फेस येतो तो याच वायूमुळे. अल्कोहोल वाढत गेलं की ते यीस्टलाच सोसत नाही. साधारण १५ टक्क्यांच्या आसपास यीस्ट थंडावतं. वाईन, बियर, माडी या सगळ्या नुसत्या आंबवलेल्या गोष्टी. आणखी काही दिवस हवा लागत राहिली तर दुसरे जिवाणू येतात आणि त्याचा शिरका, म्हणजे व्हिनेगर होतो.

गाळणं ही पुढची पायरी. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, पाणी १०० अंशाला. आंबलेला रस तापवला की आधी अल्कोहोलची वाफ जास्त निघते. ती थंड केली की कडक दारू मिळते. जगभरातली व्हिस्की, ब्रँडी, फेणी, मोहाची, गुळाची, सगळी याच तत्त्वावर होते. आंबवण्यात चुकलं तर बहुतेक वेळा रस फुकट जातो. गाळण्यात चुकलं तर आग लागते, विषबाधा होते. हा फरक मोठा आहे.

गोव्यात नेमकं काय चालतं

काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो इकडे आणला. गोव्यात पिकलेले बोंडू तुडवून रस काढतात. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवून जो स्वच्छ रस ठिबकतो तो निरो. तुडवून काढलेला रस बाहेरून यीस्ट न घालता दोन-तीन दिवस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या वेळी गाळून येते ती हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलची. ती पुन्हा गाळली की फेणी होते, ४२ ते ४५ टक्क्यांची, म्हणजे व्हिस्कीच्या तोडीची.

हुर्राक लिंबू-सोडा, मीठ आणि हिरवी मिरची घालून सरबतासारखी प्यायली जाते. पण ती बियरच्या दुप्पट-तिप्पट कडक असते, हे पिणाऱ्याच्या उशिरा लक्षात येतं. दुपारच्या उन्हात तीन ग्लास झाले आणि मग दुचाकीला किक मारली, असं हंगामात सर्रास होतं.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून दर्जा दिला. पण याचा अर्थ तिथे कुणीही परसात भट्टी लावतो असा नाही. गोव्यात काजूच्या पट्ट्यांचे लिलाव होतात, भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतो, शुल्क भरावं लागतं. “गोव्यात सगळं मोकळं आहे” हा इकडचा समज आहे. तिथेही भट्टी चालते ती परवान्यावरच.

माणूस नेमका कशाने मरतो

डिसेंबर २००४ मध्ये मुंबईत विक्रोळीला विषारी दारूने ८० हून अधिक माणसं गेली. जून २०१५ मध्ये मालवणीत १०० हून अधिक. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद भागात ४० हून अधिक. जून २०२४ मध्ये तमिळनाडूच्या कल्लाकुरिचीत ६० हून अधिक. मालवणी, बोटाद आणि कल्लाकुरिचीत मारणारी वस्तू एकच होती: मिथेनॉल, म्हणजे मिथाईल अल्कोहोल.

मिथेनॉल कारखान्यात रंग, थिनर, रसायनं यांसाठी वापरलं जातं. दिसायला पाण्यासारखं, वासाला साधारण दारूसारखंच, आणि स्वस्त. धंदेवाले दारू कडक करायला ते मिसळतात किंवा त्यात पाणी घालून तेच विकतात. पोटात गेल्यावर यकृत त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं. हे ॲसिड आधी डोळ्याच्या नसेवर जातं. १० मिलीलिटर इतक्या थोड्या मिथेनॉलनेही कायमचं अंधत्व येऊ शकतं.

फळं आंबवतानाही थोडं मिथेनॉल तयार होतं, पण ते अगदी कमी असतं. शेकड्याने माणसं मेली ती मुद्दाम मिसळलेल्या रसायनामुळे. म्हणून सगळ्यात मोठा धोका कुठून आली, कशात काय मिसळलं हे माहीत नसलेल्या बाटलीत आहे. “ओळखीच्याकडची आहे” याला काही अर्थ नाही. ओळखीच्याने ती कुणाकडून आणली, हे त्यालाही ठाऊक नसतं.

याबाबतीत तीन गैरसमज पक्के बसले आहेत.

पहिला, काडी ओढून पाहायची. निळी ज्योत आली की माल चांगला. काडी लावल्याने फार तर दारू किती कडक आहे एवढं कळतं. त्यात मिथेनॉल आहे की नाही हे कळत नाही. ते फक्त प्रयोगशाळेत समजतं.

दुसरा, पहिल्या धारेची म्हणजे उत्तम. पहिल्या धारेची कडक असते हे खरं, पण लवकर उडणारी त्रासदायक द्रव्यं सुरुवातीलाच जास्त येतात. परवानाधारक डिस्टिलरीत सुरुवातीचा भाग वेगळा काढतात. गावात नेमकी त्याच भागाला मागणी असते.

तिसरा, पहिली धार फेकली की मिथेनॉल सगळं गेलं. तसंही नाही. दारू आणि पाण्यात मिसळलेलं मिथेनॉल पूर्ण गाळपात थोडं थोडं येत राहतं. मिसळलेलं विष घरच्या भट्टीने वेगळं होत नाही.

भांडी, आग आणि फुटणाऱ्या बाटल्या

गुळाच्या गावठी भट्टीत गूळ आणि नवसागर घालतात हे सगळ्यांना माहीत आहे. नवसागरातलं नत्र यीस्टला खत म्हणून मिळतं. पण या भट्ट्यांना मिळेल ते भांडं चालतं. डांबराचे, रसायनांचे, फवारणीच्या औषधांचे रिकामे ड्रम, गाडीचा जुना रेडिएटर. रेडिएटरच्या जोडांत शिसं असतं. ते गरम दारूत उतरतं आणि हळूहळू मेंदू, मूत्रपिंड खराब करतं. प्यायल्यावर त्याच दिवशी काही जाणवत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

वाफ गळत असेल आणि खाली लाकडाचा जाळ असेल तर भडका उडायला क्षण पुरतो. स्वयंपाकघरातल्या कुकरला नळी जोडून प्रयोग करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नळी तुंबली की तो कुकर फुटतो.

नुसती वाईन आंबवणाऱ्यांचीही एक चूक ठरलेली. रस आंबत असताना बाटलीचं बूच घट्ट लावायचं. आतला वायू बाहेर पडायला वाट नाही म्हणून काच फुटते आणि तुकडे अंगावर येतात.

कायदा काय म्हणतो

दारू हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे. म्हणून तिलारीच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा. आपल्याकडे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागू आहे. ‘दारूबंदी’ नाव असलं तरी व्यवहारात तो परवान्याचा कायदा आहे. परवाना असेल तर चालतं, नसेल तर गुन्हा.

या कायद्यात दारूची व्याख्या मोठी आहे. स्पिरिट, वाईन, बियर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव तिच्यात येतात. त्यामुळे “आम्ही गाळली नाही, नुसती वाईन केली” हा बचाव टिकत नाही. विनापरवाना दारू तयार करणं, भट्टी उभारणं, बाटल्या भरणं, विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं, वाहतूक करणं, हे सगळं या कायद्याने गुन्हा ठरतं. दारू तयार करण्यासाठी ठेवलेली भांडी आणि कच्चा माल सापडला तरी गुन्हा होतो. बातम्यांत “इतके लिटर गूळमिश्रित रसायन नष्ट” असं जे वाचायला मिळतं, ते अजून दारू न झालेलं आंबवण असतं. शिक्षेत तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत.

घरगुती वापरासाठी एवढे लिटर चालतील, अशी सूट कायद्यात नाही. घरात पिण्याचे नियमही आहेतच. कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना हवा.

गोव्यातून स्वस्त मिळते म्हणून दोन बाटल्या डिकीत टाकून आणणं हीदेखील विनापरवाना आयातच. इन्सुली, बांदा नाक्यावर पकडली जाणारी ‘गोवा बनावटीची दारू’ ती हीच.

भट्टीत दोन लिटर सापडले म्हणून सरळ जेल होईलच असं नाही. पण गुन्हा नोंद झाला की तारखा लागतात. पोलीस भरती, सरकारी नोकरी, पासपोर्ट, जहाजावरची नोकरी, सगळीकडे चारित्र्य पडताळणी होते. या पट्ट्यातली कितीतरी मुलं याच नोकऱ्यांच्या आशेवर आहेत. दोस्तांसोबतचा एका रात्रीचा प्रयोग तिथे आडवा येतो.

व्हिडिओ कुठला, कायदा कुठला

मोबाईलवर दिसणारे बरेच व्हिडिओ परदेशातले असतात. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बियर, वाईन घरी करायला परवाना लागत नाही, पण गाळायला लागतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरची बियर मोकळी झाली, गाळण्याला मात्र तशी मोकळीक दिली नाही. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती गाळायलाही परवानगी आहे. तिथला माणूस गॅरेजमध्ये तांब्याची भट्टी लावून उघडपणे दाखवतो, कारण तिथे तो गुन्हा नाही. ते पाहून इथे कोणी करायला गेला तर व्हिडिओ बनवणारा जामीन द्यायला येत नाही. साहित्य ऑनलाइन विकत मिळतं याचा अर्थ ते वापरून दारू करायला परवानगी आहे, असाही होत नाही.

मग बोंडूचं करायचं काय

बोंडूचं वजन बीच्या पाच ते दहा पट असतं. म्हणजे शेतकरी जेवढं विकतो त्याच्या कितीतरी पट माल बागेत टाकून देतो. बोंडू गोळा करणं, विकणं, त्याचा रस काढून ताजा पिणं यात गुन्हा काही नाही. सीमेलगतच्या गावांतून बोंडू गोव्यातल्या भट्ट्यांकडे जातातच. बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त असतं. घशाला खवखव करणारा तुरटपणा काढला की सरबत, सिरप, जॅम चांगला होतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात आणि कोकण कृषी विद्यापीठात याची माहिती मिळते.

मद्यच करायचं असेल तर परवान्याचा रस्ता आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि त्यातून नाशिक पट्ट्यात वायनरी उभ्या राहिल्या. २०२२ मध्ये काजू बोंडू, मोहफुलं आणि इतर फळांपासून मद्य तयार करण्याच्या धोरणालाही मंत्रिमंडळाने मान्यता दिली. विदर्भात मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं २०२१ मध्ये सैल झाली. तिथेही फुलं बाळगणं आणि फुलं गाळणं या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. एकट्या शेतकऱ्याला कारखाना परवडत नाही हे खरं आहे. गट किंवा शेतकरी कंपनी करूनच हा विषय पुढे नेता येईल. गोव्यातल्या फेणीला नाव मिळालं ते परवाना, ठरलेला दर्जा आणि मानांकन यांमुळे. लपून लावलेल्या भट्टीला तसं नाव मिळत नाही.

पिऊन त्रास झाला तर

मिथेनॉलचा त्रास लगेच दिसत नाही. १२ ते २४ तासांनी, काही वेळा त्याहून उशिरा सुरू होतो. नेहमीची उतरली नाही असं समजून माणसाला झोपवून ठेवलं जातं आणि तिथेच घात होतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या, धाप लागणं, डोळ्यांसमोर धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करून थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावं. ताक, लिंबू पाजत बसू नये, उतारा म्हणून आणखी दारू तर अजिबात देऊ नये. वेळेत पोहोचलं तर यावर औषध आहे, डायलिसिस आहे, डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

काय प्यायलं, कुठून आणलं, हे डॉक्टरांना खरं सांगावं. बाटली उरली असेल तर सोबत न्यावी. आणि त्याच बाटलीतून आणखी कोण कोण प्यायलं, त्या सगळ्यांना, त्रास होत नसला तरी, दवाखान्यात न्यावं. केस होईल या भीतीने लपवलेला एक तास पुढे आयुष्यभर अंधारात काढावा लागू शकतो.