इमॅजिकाला पहिल्यांदाच जाताय? बदलापूर-अंबरनाथकरांनो, आधी मुलांची उंची मोजा

'या सुट्टीत इमॅजिका!' असं घरात ठरलं की आपण लगेच तिकिटाचे दर शोधायला लागतो. त्याआधी टेप घ्या आणि मुलांची उंची मोजा.

कारण इथे मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. शिवाय मोठ्या राइडच्या दारातही उंची मोजली जाते. 'नायट्रो'सारख्या रोलर कोस्टरवर अंगावर येणारा लोखंडी पट्टा ठराविक उंचीच्या शरीरालाच नीट बसतो. त्यामुळे तिथे 'जाऊ द्या ना दादा' चालत नाही, चवड्यांवर उभं राहणंही नाही. तासभर रांगेत उभं राहून परत फिरलेलं मूल सगळ्या दिवसाचा मूड घालवतं. आदल्या रात्री वेबसाइटवर प्रत्येक राइडची अट मुलांसोबतच वाचा, म्हणजे रडारड घरीच उरकते. छोट्यांसाठी 'टबी टेक्स ऑफ' आणि कॅरोसेल आहेतच. हृदयविकार, पाठदुखी असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी जोरदार राइड टाळाव्यात.

खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर 2013 साली हे थीम पार्क सुरू झालं, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं. दोन्हींचं तिकीट वेगळं. एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर पैसे दोन्हींचे जातात, मजा एकाचीही धड होत नाही. वॉटर पार्कला साडी, जीन्स किंवा सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत, हे आईला आणि मावशीला आधीच सांगा.

मुंबईकर एक्सप्रेस-वेने येतात. आपल्याला मात्र लोकल आहे. खोपोली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतवरून थेट खोपोलीला जाते. कर्जत लोकल मिळाली तर कर्जतला गाडी बदला. खोपोलीहून पुढे रिक्षा करावी लागते, भाडं आधीच ठरवा. पण कर्जत-खोपोली मार्ग एकेरी आहे, गाड्या मोजक्याच. म्हणून निघण्याआधी परतीच्या गाड्यांचं वेळापत्रक मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. पाच-सहा जण असाल तर कर्जत-चौक रस्त्याने गाडी करणंही परवडू शकतं.

पावसाळ्यात गर्दी कमी असते, हे खरं. पण विजा चमकू लागल्या की उंच राइड थांबवतात. आणि आपली लाइन? 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यानच अडकली होती, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मुसळधारेचा इशारा असेल तर तारीख पुढे ढकला. म्हणूनच तिकीट काढण्याआधी तारीख बदलता येते का, ते नक्की पाहा.

पार्कला लागून हॉटेलही आहे. दोन्ही पार्क करायचे असतील तर मुक्काम ठीक. एकाच पार्कसाठी आपल्यासारख्या जवळच्यांनी तो खर्च करायची गरज नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे तेच पैसे दुपारच्या जेवणासाठी राखून ठेवा. घरच्या चपात्या-भाजी सकाळी लोकलमध्येच संपवा.